"काही अडचण?" "नाही साहेब." कामगारांचं ऐकायचं तरी कसं?

पाळीप्रमुख

छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहती, वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, कुठल्याही मध्यम कारखान्यात गेलं तरी चित्र साधारण एकच असतं. ८०-९० माणसं, तीन पाळ्या, त्यात निम्मे ठेकेदाराचे. गेटजवळ सूचनापेटी लावलेली. वर्षभरात तिच्यातून तीन-चार चिठ्ठ्या निघतात आणि त्याही कॅन्टीनच्या जेवणाबद्दल. पाळी सुरू होताना साहेब विचारतात, "काही अडचण?" सगळ्यांच्या माना खाली. एखादा म्हणतो, "नाही साहेब." तीच माणसं सुटी झाल्यावर चहाच्या टपरीवर मशीन, टार्गेट, सुट्ट्या, ठेकेदार यांवर अर्धा अर्धा तास बोलतात.

सांगण्यासारखं भरपूर आहे आणि ते आपल्यापर्यंत येत नाही, एवढं तर उघड आहे. या धाग्यावर प्रत्यक्ष कामाचं लिहावं ही विनंती. किती वेळ द्यायचा, कोणी, कुठे उभं राहून, काय विचारायचं, नोंद कशी ठेवायची आणि ऐकून झाल्यावर पुढे काय करायचं. "संवाद वाढवावा" एवढ्यावर कुणाचंच काम भागत नाही.

टूलरूम

प्रेस शॉपपुरतं, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढतात त्या विभागापुरतं सांगतो. तिथे न ऐकण्याची किंमत बोटांनी मोजावी लागते.

दोन हातांची बटणं असलेल्या प्रेसवर (दोन्ही एकदम दाबली तरच ती चालते, म्हणजे हात आत राहत नाहीत) एक बटण पट्टीने बांधून ठेवलेलं किंवा पाचर मारून दाबून ठेवलेलं दिसतं. नेहमीची प्रतिक्रिया म्हणजे मेमो, दंड आणि "हे लोक ऐकतच नाहीत". पट्टी काढली जाते. आठ दिवसांनी दुसऱ्या पाळीत ती परत लागते, कारण बांधण्यामागचं कारण कुणी विचारलेलंच नसतं.

नीट विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर असं येतं: "पत्रा हलतो साहेब, एका हातानं धरावाच लागतो." मग डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, उघडून बघायची. लोकेटर पिन एका बाजूने झिजलेली सापडते. पिन झिजली की पत्रा जागेवर बसत नाही, भोक सरकतं, पार्ट रिजेक्ट होतो. रिजेक्शन ऑपरेटरच्या नावावर लागतं. म्हणून तो पत्रा डाव्या हाताने दाबून धरतो, आणि डावा हात अडकला की डावं बटण बांधण्याशिवाय त्याला मार्ग उरत नाही. पिन बदलणं हे टूलरूमचं तासाभराचं काम आहे. मेमोने ते होत नाही.

त्यामुळे बांधलेलं बटण, काढून ठेवलेलं गार्ड, गुंडाळून ठेवलेला सेन्सर, ही सगळी न बोललेली वाक्यं समजायची. मशीन तिथल्या तिथे बंद करायची, यात सवलत नाही. पण पहिला प्रश्न "कोणी बांधलं?" असा नको. "कशासाठी बांधावं लागलं?" असा विचारायचा. पहिल्या प्रश्नाला अख्खी लाइन गप्प होते.

दुसरं म्हणजे "प्रेस डबल मारायली" असं कुणी म्हणालं तर त्याच मिनिटाला मशीन बंद. संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही, "बघू" म्हणायचं नाही. की-क्लचच्या जुन्या प्रेसमध्ये की किंवा तिची स्प्रिंग झिजली, किंवा ब्रेक लायनिंगवर तेल आलं, की रॅम, म्हणजे वरून ठोकणारा भाग, वर थांबत नाही आणि आपोआप दुसरा स्ट्रोक बसतो. डाय रिकामी ठेवून, सगळ्यांना लांब उभं करून, क्रँकच्या टोकाला खडूची खूण करायची आणि वीसेक सिंगल स्ट्रोक मारून खूण दर वेळी एकाच जागी थांबते का ते पाहायचं. खूण पुढे-मागे जायला लागली की ऑपरेटरचं म्हणणं खरं. आणि वीसही स्ट्रोक बरोबर आले तरी त्याला "उगीच घाबरतोस" म्हणायचं नाही. की आणि लायनिंग उघडून बघितल्याशिवाय मशीन त्याच्या ताब्यात द्यायची नाही.

क्वालिटीवाली

टूलरूमदादा, पिनचं उदाहरण अगदी नेमकं आहे. मी प्रश्नांबद्दल लिहिते.

"काही अडचण?" हा प्रश्नच चुकीचा आहे. त्याचं उत्तर हो किंवा नाही, आणि दहा जणांसमोर "हो" म्हणणारा तक्रारखोर ठरतो. ज्याचं उत्तर एखाद्या वस्तूचं किंवा जागेचं नाव असेल असा प्रश्न विचारावा. "काल सगळ्यात जास्त वेळ कशात गेला?" "कोणता पार्ट दोनदा हातात घ्यावा लागला?" "उद्या तू रजेवर आहेस, तुझ्या जागी नवा पोरगा उभा राहणार, त्याला काय बजावून जाशील?" या शेवटच्या प्रश्नाला गप्प माणूससुद्धा बोलतो. तो तक्रार करत नसतो, शिकवत असतो.

विचारून झालं की थांबायचं. मनात दहापर्यंत मोजायचं. आपण तीन सेकंदांतच "बरं, चला" म्हणून पुढे जातो, आणि समोरच्याने तोंड उघडायला घेतलेलं असतं.

केबिनमध्ये बोलावू नये. टेबलापलीकडची खुर्ची आणि वर लावलेला एसी पाहूनच माणूस आखडतो. मशीनपाशी, त्याच्या बाजूला, त्याच दिशेला तोंड करून उभं राहावं. पार्ट हातात असला की सांगणं सोपं जातं, कारण बोट दाखवता येतं.

आणि नोंद त्याच्याच शब्दांत करावी. समजा तो म्हणाला, "चार नंबर दुपारनंतर दमायली." वहीत तसंच उतरलं पाहिजे. आपण त्याचं "मशीन परफॉर्मन्स प्रॉब्लेम" करून टाकतो आणि "दुपारनंतर" हा शब्द हरवतो. सगळा उलगडा त्या शब्दात असतो. हायड्रॉलिक प्रेस असेल तर दुपारपर्यंत तेल तापून पातळ होतं, न्यूमॅटिक क्लच असेल तर दुपारी बाकीच्या लाइन सुरू झाल्यावर कॉम्प्रेसरचा दाब पडतो. मेंटेनन्सवाला सकाळी नऊला येऊन मशीन तपासतो, ठणठणीत सापडते, आणि शेरा पडतो, "ऑपरेटरची तक्रार चुकीची".

गोदातीर

+१. "दमायली" हा शब्द मेंटेनन्सच्या कार्डावर जसाच्या तसा गेला पाहिजे.

चिकलठाणा_उद्योजक

सगळं पटतं, पण हिशेबही मांडतो. ९० माणसं रोज १० मिनिटं उभी केली तर ९०० मिनिटं होतात, म्हणजे रोज १५ माणूस-तास. महिन्याचे २६ दिवस धरले तर ३९० तास. मोठ्या कंपनीला माल पुरवणाऱ्याला दर वर्षी रेट कमी करून द्यावा लागतो, त्यातून हे तास कुठून काढायचे? शिवाय एकदा विचारायला सुरुवात केली की पगारवाढ, बोनस, ठेकेदार, सगळंच बाहेर येतं. ज्याचं उत्तर देता येत नाही ते विचारायचं कशाला, असं मालकाला वाटतं. त्यात त्याची चूक आहे असं मला वाटत नाही.

क्वालिटीवाली

सर, हिशेब बरोबर आहे. ९० जणांची सभा रोज भरवूच नये, तिच्यात कुणी बोलतही नाही. लाइनप्रमाणे आठ-दहा जणांचा गट, उभ्या उभ्या सहा मिनिटं, आठवड्यातून तीन दिवस. एका माणसाची १८ मिनिटं आठवड्याला, ९० जणांचे २७ तास. तुमच्या हिशेबाने आठवड्याला ९० होत होते.

दुसऱ्या बाजूचाही हिशेब मांडा. एक लॉट परत आला आणि चार माणसं दोन दोन पाळ्या सॉर्टिंगला बसली की ६४ माणूस-तास गेले. त्यावर ट्रकभाडं, नवा पत्रा आणि गिऱ्हाइकाच्या गेटवर ताटकळणारा आपला माणूस.

पगाराबद्दल विचारलं तर काय, हा तुमचा खरा प्रश्न दिसतो. उत्तरं तीनच असतात. "हो, अमुक तारखेपर्यंत." "नाही, कारण हे." "आत्ता सांगता येत नाही, शुक्रवारी सांगते." दुसरं उत्तर द्यायला धीर लागतो, पण माणसं ते स्वीकारतात. कारण न देता महिनोन् महिने लटकवलेलं उत्तर ती स्वीकारत नाहीत. बोलणं बंद होण्यामागे भीती असतेच, पण त्याहून जास्त वेळा "मागं सांगितलं व्हतं, काय झालं?" हे असतं.

बालाघाट

हाच मुद्दा पुढे नेतो. पेटी, सभा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, काहीही ठेवा. परत उत्तर गेलं नाही तर दोन महिन्यांत ते मरतं.

साधी दोनशे पानी वही पुरते. रकाने असे आखावेत: तारीख आणि पाळी, सांगणाऱ्याचे शब्द, कोणाकडे दिलं, कधीपर्यंत, काय केलं, आणि शेवटी "सांगणाऱ्याला कळवलं, तारीख". या शेवटच्या रकान्यात सांगणाऱ्याची सही किंवा टोकन नंबर हवा. काम झालं तरी हा रकाना रिकामा असेल तर नोंद उघडीच धरायची. बऱ्याच ठिकाणी काम होतं, पंखा बसतो, नळ दुरुस्त होतो, पण ज्याने सांगितलं त्याला ते आपल्या सांगण्याने झालं हे कधी कळतच नाही.

मुदती ठरवून टाका. जिवाशी संबंध असेल तर लगेच, मशीन थांबवून. पाणी, उजेड, पंखा, संडास, मोजे-बूट यांना ४८ तास. डाय-फिक्स्चरला एक आठवडा. पैशाचं किंवा धोरणाचं असेल तर ३० दिवस, पण "पोचलं, वर दिलं" एवढं तरी ४८ तासांत कळवायचं.

काय बिघडतं तेही सांगतो. पहिल्या महिन्यात वही भरभरून वाहते, ६०-७० नोंदी होतात. सगळ्या एकदम हातात घेतल्या की एकही पुरी होत नाही. एका लाइनच्या एका वेळी पाचच उघड्या ठेवाव्यात, बाकीच्या "रांगेत" लिहाव्यात, आणि रांगेतलं आधी कुठलं घ्यायचं ते लाइनच्या माणसांनाच ठरवू द्यावं. ते बरोबर ठरवतात.

दुसरा बिघाड ऑडिटच्या वेळी होतो. गिऱ्हाइकाचं ऑडिट आलं की एका रात्रीत एकाच पेनाने, एकाच अक्षरात वही भरली जाते. लाइनवरचा माणूस ते बघत असतो. त्यानंतर त्या वहीत खरं काही येत नाही.

जालनेकर

जालन्याच्या स्टील मिलमध्ये ४८ तास ही भाषाच चालत नाही. तिथे ऐकणं सेकंदांत करावं लागतं.

इंडक्शन फर्नेसमध्ये भंगार वितळवतात. त्या भंगारात दोन्ही टोकं बंद असलेला पाइप, गॅसची टाकी, गाडीचा शॉकअ‍ॅब्सॉर्बर किंवा पावसात भिजलेला माल आला आणि तसाच वितळलेल्या लोखंडात पडला, तर आतल्या पाण्याची क्षणात वाफ होऊन किंवा कोंडलेली हवा फुगून स्फोट होतो आणि रस बाहेर उडतो. हे कोणाला आधी दिसतं? यार्डात भंगार निवडणाऱ्या माणसाला आणि चार्जिंगवर उभा असतो त्याला. इंजिनिअर त्या वेळी पॅनेलसमोर असतो.

म्हणून "थांबा" म्हणण्याचा अधिकार त्याच माणसाकडे पाहिजे. फोन करून परवानगी घेण्याची भानगड नको. हात वर केला की क्रेन थांबली पाहिजे. थांबवल्यानंतर माल कोरडा निघाला, बंद वाटलेला पाइप उघडा निघाला, तरी त्याला एक शब्दही बोलायचं नाही. "उगीच हीट (वितळवण्याचा एक घाणा) लांबवली" असं एकदा कुणी म्हटलं की पुढच्या वेळी तो हात वर करणार नाही, आणि नेमका त्याच वेळी माल ओला असेल. पावसाळ्यात हे रोजचं आहे. यार्डाला शेड कमी आणि माल उघड्यावर.

भाषेचंही बघा. फर्नेसवर आणि रोलिंगवर बरीच माणसं बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली असतात. मराठीत विचारून "हां साब" मिळतं. हिंदीत विचारावं, आणि त्यांच्यातलाच एक जुना माणूस सोबत ठेवावा.

उन्हाळ्याचं वेगळं. एप्रिल-मेमध्ये पारा ४०-४२ च्या वर असतो, त्यात रोलिंगची धग. थंड पाण्याचा जार ठेवलाय म्हणून मॅनेजमेंट समाधानी असते. चिमटेवाल्याला (तापलेलं लोखंड चिमट्याने धरणाऱ्याला) विचारलं तर कळतं की जार ५० पावलांवर आहे आणि लाइन चालू असताना त्याला जागा सोडता येत नाही. जार हलवून भागत नाही, बदली माणूस लागतो. २० मिनिटं काम, मग दुसरा उभा, अशी अदलाबदल ठेवली तर जार कामाला येतो.

लातूरची_लेक

बायकांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

डाळ मिल, बियाणं प्रक्रिया, पॅकिंग, वायरिंग हार्नेस, या कामांत बायका मोठ्या संख्येने असतात. मिश्र गटात, वर पुरुष सुपरवायझर असताना, त्या बोलत नाहीत. त्यांचं म्हणणं ऐकायचं तर वेगळी वेळ ठेवावी लागते आणि ऐकणारी बाई लागते. ती ऑफिसातलीच पाहिजे असं नाही. लाइनवरची, सगळ्यांचा विश्वास असलेली एखादी मावशी किंवा ताई चालते, फक्त तिला थेट मालकाकडे किंवा प्लांट हेडकडे जायची मुभा हवी.

विषय काय निघतात? संडासाला आतून कडी नाही. पॅड टाकायला झाकणाचा डबा नाही, म्हणून त्या चार दिवसांत दांडी पडते. दुसऱ्या पाळीची बस मुख्य रस्त्यावर सोडते आणि तिथून वस्तीपर्यंत अंधारात चालावं लागतं. लेकराला ताप असेल तर फोन गेटवर जमा असल्यामुळे घरचा निरोप चार तासांनी कळतो. या सगळ्याला मिळून जो खर्च येतो तो एका मशीनच्या ब्रेकडाउनपेक्षा जास्त नसतो. पण हजेरीच्या रजिस्टरवर फक्त "गैरहजर" एवढंच दिसतं.

आणि एक गोष्ट वहीत कधीच लिहायची नाही. कुणी छेडछाडीबद्दल बोललं तर ती नोंद लाइनच्या वहीत, सुपरवायझरच्या हातात जाता कामा नये. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे १० किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती लागते. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई, किमान निम्म्या सदस्य बायका, एक सदस्य बाहेरच्या संस्थेतली. तक्रार घटनेपासून ३ महिन्यांत करायची, कारण पटलं तर समिती आणखी ३ महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत पूर्ण करायची. १० पेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. समितीतल्या बायकांची नावं आणि फोन नंबर बायकांच्या संडासाच्या दाराला आतून चिकटवा. नोटीस बोर्डासमोर उभं राहून नंबर उतरवून घेणारी बाई सगळ्यांना दिसते.

गोदातीर

ताई, दाराच्या आतून चिकटवायचं हे फार महत्त्वाचं सांगितलंत.

कामगारकायदा

कायद्याचा विषय निघालाच आहे तर तक्रार निवारण समितीचं सांगून ठेवतो. पुष्कळ ठिकाणी ती फक्त फायलीत असते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू आहे. २० किंवा जास्त कामगार असतील तर समिती बंधनकारक. मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान, एकूण १० पेक्षा जास्त नाहीत. अध्यक्षपद एक वर्ष मालकाच्या बाजूला, एक वर्ष कामगारांच्या बाजूला. कामगारांत बायकांचं जे प्रमाण, त्याहून कमी प्रमाण समितीत चालत नाही. कामगाराने कारण घडल्यापासून एका वर्षात अर्ज करायचा, समितीने ३० दिवसांत काम संपवायचं. निर्णय बहुमताने, पण कामगार प्रतिनिधींपैकी निम्म्याहून जास्त सहमत नसतील तर निर्णय झालाच नाही असं धरलं जातं. निर्णय पटला नाही किंवा मुदतीत लागलाच नाही, तर ६० दिवसांत संघटनेमार्फत समेट अधिकाऱ्याकडे जाता येतं.

१०० किंवा जास्त कामगार असतील तिथे शासनाच्या आदेशाने कार्य समिती वेगळी. तिचं काम रोजचे मतभेद मिटवणं आणि संबंध चांगले ठेवणं. या दोन्ही समित्यांची सरमिसळ करू नये. एका माणसाची रजा नाकारली, हे तक्रार निवारणाचं. रजेची पद्धतच सगळ्यांना जाचते, हे कार्य समितीचं.

चूक नेहमी एकच होते. कामगार प्रतिनिधी म्हणून एचआर आपल्या मर्जीतले दोघे "निवडून" टाकतो. मग समितीकडे एकही अर्ज येत नाही, आणि अहवालात लिहिलं जातं, "तक्रारी: शून्य". शून्य दिसलं की मालकाने काळजी करायला हवी.

ठेकेदाराच्या माणसांबद्दल मुख्य मालक म्हणतात, "ते आमचे नाहीत." पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत आणि पीएफचा भरणा १५ तारखेपर्यंत झालाच पाहिजे, आणि ठेकेदाराने बुडवला तर तो मुख्य मालकाच्या गळ्यात येतो. म्हणून दर महिन्याच्या २० तारखेनंतर कुठल्याही पाच कंत्राटी माणसांना त्यांच्या मोबाइलवर उमंग अ‍ॅपमध्ये पीएफचं पासबुक उघडून दाखवायला सांगा. यूएएनच (पीएफचा नंबर) माहीत नाही असं कुणी म्हणालं, तर तुम्हाला जे ऐकायचं होतं ते ऐकून झालं. त्या दिवशी ठेकेदाराचं बिल थांबवा.

मृगनक्षत्र

मराठवाड्यातल्या कारखान्यांसाठी एक खास गोष्ट. निम्म्याहून जास्त माणसांच्या घरी थोडीफार शेती असते. जूनमध्ये पेरणी, सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत सोयाबीनची काढणी, पुढे कापूस वेचणी. शिवाय पोळा, महालक्ष्म्या, आणि लातूर-धाराशिवकडच्या माणसाला येळवस (वेळा अमावस्या). येळवसेला तो शेतात जाणारच. "रजा नाही" म्हटलं तर "आजी वारली" असा फोन येतो. खोटं बोलायची पाळी आपण आणलेली असते.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एक मोठा कागद घेऊन लाइनवर बसावं. प्रत्येकाला विचारावं: शेत कोणत्या तालुक्यात, किती एकर, कोरडवाहू की बागायत, घरी करणारं दुसरं कोणी आहे का, कुठल्या सणाला गेल्याशिवाय चालत नाही. पेरणीची तारीख तो सांगू शकत नाही, ती पावसावर. पण "पाऊस झाला की तीन दिवस" एवढं सांगतो. मग जोड्या लावायच्या. गंगापूर-वैजापूरकडचा आणि अहमदपूर-उदगीरकडचा माणूस एकमेकांना बदली ठेवला तर दोघांकडे एकाच दिवशी वाफसा येण्याची शक्यता कमी. ज्याला शेत नाही त्याला दिवाळीत आधी रजा द्यायची, म्हणजे त्याच्यावर अन्याय नको. असा कागद भिंतीवर लागला की जूनमधली अचानकची दांडी दिसण्याइतकी कमी होते, आणि गिऱ्हाइकाला आधीच सांगून माल पुढे काढून ठेवता येतो.

नव्या पोरांचंही असंच. वाळूजजवळच्या रांजणगाव, बजाजनगर, जोगेश्वरीत खोली घेऊन चौघं-पाच जण राहतात. सोडून जाणारे बहुतेक पहिल्या महिन्यातच जातात. सोडताना विचारून उपयोग नाही, तेव्हा तो "घरी काम आहे" एवढंच म्हणतो. तिसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी आणि तिसाव्या दिवशी पाच पाच मिनिटं बोलायचं. तिसऱ्या दिवशी पाय दुखतात का, डबा कुठून येतो. दहाव्या दिवशी शिकवतो कोण, ओरडतो कोण. पहिल्या पगारापर्यंत हातात पैसे किती, हे तर विचाराच. एक तारखेला लागलेल्या पोराला पहिला पगार ३७ व्या-३८ व्या दिवशी दिसतो. खोलीभाडं आणि मेस त्याआधी द्यावं लागतं. १५ व्या दिवशी थोडी उचल दिली तर टिकतो.

पाळीप्रमुख

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नेमकं येईल असं वाटलं नव्हतं. दोन शंका राहिल्या. सुपरवायझरला डावलून मालकाने थेट कामगारांशी बोलावं का? आणि सूचनापेटीचं काय करायचं, काढून टाकायची?

बालाघाट

पहिल्या शंकेबद्दल. आधी सुपरवायझरचं ऐकून घ्या. तो दोन्हीकडून दाबला जातो. वरून टार्गेट, खालून रजा. नव्या संहितेत महिन्याला १८,००० रुपयांहून जास्त पगार असलेला सुपरवायझर "कामगार" या व्याख्येत बसत नाही, त्यामुळे त्याला ती तक्रार निवारण समितीही नाही. त्याचं कुणी ऐकत नसेल तर तो खालचं वर जाऊच देत नाही. वाईट बातमी नेली की शिव्या त्यालाच बसतात, हे त्याला अनुभवाने ठाऊक असतं. आठवड्यातून एकदा सुपरवायझरसोबत अर्धा तास, आणि त्यात पहिला प्रश्न "या आठवड्यात कुठली वाईट बातमी आहे?" असा. बातमी आली की पहिलं वाक्य "बरं झालं सांगितलंस", आणि मग मदत काय हवी ते विचारायचं.

त्यानंतर मालकाची थेट बैठक ठेवायला हरकत नाही. महिन्यातून एकदा, टोकन नंबरच्या चिठ्ठ्या टाकून सहा जण, ४० मिनिटं, सुपरवायझर नाही. पण तारीख त्याला आधी सांगायची आणि नंतर निघालेले विषय नावांशिवाय त्यालाच पहिल्यांदा द्यायचे. मालकाने तिथे बसल्या बसल्या निर्णय जाहीर करू नयेत. "उद्यापासून ओव्हरटाइम बंद" असं बोलून तो निघून जातो आणि सुपरवायझरची किंमत लाइनवर शून्य होते. फक्त लिहून घ्यावं आणि उत्तराची तारीख द्यावी. दुसऱ्या दिवशी "काय सांगितलं रे माझ्याबद्दल?" असं सुपरवायझरने एकालाही विचारलं, तर पुढच्या महिन्यात सहाही जण गप्प बसतील. हे त्याला आधीच स्पष्ट सांगून ठेवा.

टूलरूम

बालाघाट भाऊ, एक जोड. विषय निघाला की त्याच लाइनच्या सुपरवायझरला उपाय सुचवायला सांगायचं आणि सुटल्यावर श्रेयही त्यालाच द्यायचं. मग तो विषय लपवत नाही.

कामगारकायदा

अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ ते १९३० दरम्यान २० हजारांहून जास्त कामगारांच्या मुलाखती झाल्या होत्या. आधी ठरलेली प्रश्नावली होती. माणसं प्रश्न सोडून भलतंच बोलतात असं दिसल्यावर प्रश्नावली बाजूला ठेवून त्यांना हवं ते बोलू दिलं, आणि मुलाखती लांबल्या. पुढे तिथेच कामगारांशी बोलायला खास समुपदेशक नेमले, पण त्यांना कशातही निर्णयाचा अधिकार नव्हता. ऐकणारा वेगळा आणि करणारा वेगळा ठेवला की हा धोका असतो. आपल्याकडे एचआरच्या ट्रेनी मुलीला वही देऊन फिरवतात, तेव्हा हेच होतं. तिच्याकडे निदान ५,००० रुपयांपर्यंत स्वतः खर्च करायचा अधिकार द्या. पंखा, ट्यूबलाइट, रबर मॅट, नळाची तोटी, एवढं तरी ती कुणाला न विचारता आणू शकली पाहिजे.

लातूरची_लेक

पेटी काढू नका, जागा बदला. गेटजवळ सीसीटीव्हीच्या खाली लावलेल्या पेटीत कोण चिठ्ठी टाकेल? पाण्याच्या टाकीपाशी किंवा कपडे बदलायच्या खोलीत, कॅमेरा नसेल तिथे लावा. दोन कुलपं: एक किल्ली ऑफिसात, दुसरी कामगारांनी निवडलेल्या माणसाकडे. दर शनिवारी पहिली पाळी सुटताना दोघांसमोर उघडायची, मग पेटी रिकामी का असेना. सोमवारी बोर्डावर चिठ्ठीतला मजकूर आणि खाली उत्तर, तारखेसह. हस्ताक्षर ओळखलं जाईल ही भीती खरी असते, म्हणून मूळ चिठ्ठी बोर्डावर लावायची नाही. मजकूर टाइप करून लावायचा.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी छापील चिठ्ठी ठेवा. पाणी, संडास, मशीन, पगार, बस, माणूस अशी सहा चित्रं, आणि खाली लाइनचा नंबर. फक्त गोल करायचा. पेन्सिल दोऱ्याने पेटीला बांधून ठेवा, आणि दर शनिवारी उघडताना तिला टोक आहे का तेही बघा.